सत्कार बारावीवर थांबवू नका: इंदूरच्या मराठी मंडळांना एक खुलं पत्र

आदरणीय अध्यक्ष, चिटणीस आणि कार्यकारिणीतल्या सर्व काका-काकूंना,

सप्रेम नमस्कार.

मी रामबागेत लहानाची मोठी झाले. २०१४ साली बारावीला चांगले मार्क पडले तेव्हा तुमच्यापैकीच एका मंडळाने गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराला मला बोलावलं होतं. श्रीफळ, प्रमाणपत्र, पेनचा सेट आणि पाचशे रुपयांचं पाकीट. आजीने पाकीट देवापुढे ठेवलं. प्रमाणपत्राला बाबांनी फ्रेम करून घेतली, ती अजून आमच्या बैठकीत घड्याळाखाली टांगलेली आहे. त्या संध्याकाळी व्यासपीठावरून एक काका म्हणाले होते, "यातली काही मुलं उद्या शास्त्रज्ञ होतील." मी ते अगदी खरं मानून घरी आले.

आज मी भौतिकशास्त्रात पीएच.डी.च्या शेवटच्या टप्प्यात आहे, प्रबंध लिहायला घेतला आहे. पण एम.एस्सी. संपल्यापासून संशोधनाची जागा मिळेपर्यंत माझी दोन वर्षं अंधारात चाचपडण्यात गेली, आणि माझ्याबरोबरच्या काही जणी त्या अंधारातून परत फिरल्या. आमच्या वर्गात माझ्याहून हुशार अशा तिघी होत्या. दोघींनी बी.एड. केलं, एक बँकेच्या परीक्षा देते आहे. शाळेत शिकवणं मोठं काम आहे आणि ज्यांना ते मनापासून करायचं होतं त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. या तिघींना संशोधन करायचं होतं. संशोधन करताना दरमहा पैसे मिळतात, हे त्यांना वेळेवर कोणी सांगितलं नाही. ते सांगण्याचं काम तुम्ही करू शकता, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

एम.एस्सी.चा निकाल लागला त्या रविवारी घरी सगळे जमले होते. पोहे झाले, चहा झाला. मोठ्या काकांनी विचारलं, "आता पुढे?" मी म्हटलं, पीएच.डी. करायची आहे. "किती वर्षं?" पाच तरी. "आणि फी किती असते गं?" मला सांगता आलं नाही. खरंच माहीत नव्हतं. बाबा सियागंजात एका पेढीवर हिशेब लिहितात, धाकट्या भावाचं इंजिनीअरिंग तेव्हा चालू होतं. ते काही बोलले नाहीत, रिकामे कप उचलून आत ठेवायला गेले. आपण घराकडे काहीतरी न परवडणारं मागितलं, असं मला तेव्हा वाटलं आणि तो विषय मी पुढे कितीतरी दिवस काढलाच नाही.

त्या दिवशी मंडळातलं कोणी सहज डोकावलं असतं आणि "अहो फी कसली, उलट मुलीलाच दरमहा पैसे मिळतील" एवढं एक वाक्य बोललं असतं, तर आमच्या घरातलं ते अवघडलेपण तिथल्या तिथे संपलं असतं.

म्हणून आकडे आधी सांगते. विज्ञानात पीएच.डी. करणाऱ्यांसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, गणित आणि भूविज्ञान असे पाच विषय. त्यात वरच्या क्रमांकात आलं तर ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे जेआरएफ मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ती पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आहे, त्यानंतर सीनिअर झाल्यावर ४२,०००. वसतिगृह नसेल तर घरभाड्याचा भत्ता वेगळा. आयआयटीमध्ये गेट (इंजिनीअरिंग आणि विज्ञानातल्या पदवीनंतरच्या शिक्षणासाठीची परीक्षा) किंवा नेटच्या जोरावर आणि मुलाखतीतून प्रवेश मिळाला की टीचिंग असिस्टंटशिपमध्येही साधारण हेच पैसे मिळतात, बदल्यात बी.टेक.च्या मुलांच्या प्रयोगशाळा आणि ट्युटोरियल सांभाळायची. २०१८ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान संशोधन फेलोशिप याहून मोठी: पहिली दोन वर्षं ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,०००, पुढची दोन वर्षं ८०,०००, शिवाय संशोधनाच्या खर्चाला वर्षाला २ लाख. २०२५ च्या अर्थसंकल्पात या योजनेतून पाच वर्षांत १०,००० फेलोशिप देण्याची घोषणा झाली. गोविंदराम सेकसरियातून बाहेर पडणाऱ्या इंजिनीअर मुलांच्या आई-वडिलांना हे आकडे मी सांगते तेव्हा ते दोनदा विचारतात, "महिन्याला? वर्षाला नाही ना?"

महिन्यालाच.

आता आपल्या शहराकडे बघा. राजवाड्यावरून निघालं की तासाभरात ज्या संस्था गाठता येतात तिथे देशभरातून मुलं संशोधनाला येतात. सेंटर फॉर अॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी या अणुऊर्जा विभागाच्या संशोधन संस्थेला सगळे अजून कॅटच म्हणतात. २००५ मध्ये तिला अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णांचं नाव मिळालं. देशातले इंडस-१ आणि इंडस-२ हे दोन्ही सिंक्रोट्रॉन तिथे आहेत. इंडस-२ मध्ये इलेक्ट्रॉन २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेने गोल फिरतात आणि त्यांच्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांवर पदार्थांची आतली रचना तपासतात. खंडवा रोडवर विद्यापीठाच्या आवारात यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम ही संशोधन संस्था आहे. त्याच रस्त्याने पुढे गेलं की सिमरोलला २००९ मध्ये सुरू झालेली आयआयटी. आपली मुलं या फाटकांसमोरून रोज बसने, स्कूटीवरून जातात. कॅटमध्ये होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटमार्फत पीएच.डी. करता येते, हे मला एम.एस्सी. होईपर्यंत माहीत नव्हतं, आणि माझा मामेभाऊ कॅट रोडवर राहतो.

पैसे आहेत, संस्था आहेत. अडतं कुठे, तर बातमी घरापर्यंत पोहोचत नाही. ज्यांच्या घरी कोणी प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ आहे त्यांच्या मुलांना हे सगळं जेवताना कानावर पडतं. आमच्या घरी सियागंजातले भाव आणि उधारी कानावर पडायची. यात कोणाचा दोष नाही. पण एखाद्या मुलीचं संशोधन तिच्या जेवणाच्या ताटाभोवती कोण बसलंय यावर ठरावं, हे मला पटत नाही.

माहिती नसली की काय होतं ते माझ्याच उदाहरणाने सांगते. कारण ही चूक अजून चालू आहे. पीएच.डी.ला प्रवेश आणि फेलोशिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्रीय विद्यापीठांत नेट नसलेल्यांनाही महिना ८,००० मिळतात. राज्य विद्यापीठाच्या मुलांना ती योजना लागू नाही. म्हणजे राज्य विद्यापीठात प्रवेश मिळाला, नोंदणी झाली, घरी पेढे वाटले, तरी एक रुपयाही मिळणार नाही असं होऊ शकतं. त्यात २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफ मिळालेले, सहायक प्राध्यापकपदाला आणि पीएच.डी. प्रवेशाला पात्र ठरलेले, आणि फक्त पीएच.डी. प्रवेशाला पात्र ठरलेले. "नेट निघाली" म्हणून तिन्ही गटांतल्या घरी सारखाच आनंद होतो, फेलोशिप मात्र फक्त पहिल्या गटाला. हा फरक मुलांना विचारून बघा, निम्म्यांना तरी सांगता येणार नाही.

मला २०१९ मध्ये यातलं काहीच कळत नव्हतं. एका विभागातल्या सरांनी सांगितलं, "आधी सहा महिने काम करून दाखव, मग बघू." मी रोज सकाळी जायचे. अगेटच्या (कठीण दगडाच्या) खलात पावडर दळायची, तिच्या गोळ्या दाबायच्या, भट्टी लावायची, दुसऱ्यांच्या शोधनिबंधांचे आलेख काढून द्यायचे. पैसे नाहीत, नोंदणी नाही, कागदावर माझं नाव कुठेच नाही. सहाचे आठ महिने झाले, मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला आणि नंतर फोनवर कळलं की सरांकडे जागाच नव्हती. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाने एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच पीएच.डी.चे विद्यार्थी असू शकतात. त्यांची यादी मी जायच्या आधीपासून भरलेली होती. पहिल्याच दिवशी "सर, तुमच्याकडे जागा रिकामी आहे का आणि पैसे कुठून येणार आहेत?" असं विचारायचं असतं. वडीलधाऱ्या माणसाला पैशाबद्दल असं तोंडावर विचारणं आमच्या घरात उद्धटपणाचं समजलं जातं, म्हणून मी विचारलं नाही. आता मी प्रत्येक मुलीला सांगते: विचार, नम्रपणे विचार, आणि उत्तर लेखी मिळव.

त्या वर्षीची जूनची नेट नोव्हेंबरमध्ये झाली. त्यात मला जेआरएफ मिळाली. वाटलं, सुटलो. तर नाही. जेआरएफ हातात असूनही गाइड आपला आपणच शोधावा लागतो, हेही मला तेव्हाच कळलं. मी देशभरातल्या ११८ प्राध्यापकांना ईमेल पाठवली. सगळ्यांना एकच मजकूर: आदरणीय सर, मला आपल्या नामांकित प्रयोगशाळेत काम करण्याची तीव्र इच्छा आहे, मी कष्टाळू आहे, सोबत बायोडाटा जोडला आहे. चार उत्तरं आली, चारही नकाराची.

फेब्रुवारी २०२१ मध्ये माझ्या मैत्रिणीच्या मामांशी गाठ पडली. ते कॅटमधून निवृत्त झालेले. त्यांच्या घराच्या ओट्यावर दोन तास बसून त्यांनी माझी ती ईमेल प्रिंट काढून वाचली. लाल पेनाने एकेक ओळ खोडत गेले. शेवटी कागदावर फक्त माझं नाव आणि एम.एस्सी.च्या प्रकल्पाची एक ओळ उरली. मग म्हणाले, "हे पत्र ज्यांना लिहिलंस ते गृहस्थ यात कुठे आहेत? त्यांनी गेल्या वर्षी काय केलं ते तू वाचलंस का?" वाचलं नव्हतं. त्यांनी मला एक शोधनिबंध काढायला लावला. पहिल्या दिवशी फक्त आकृत्या बघायच्या, दुसऱ्या दिवशी मजकूर, तिसऱ्या दिवशी न समजलेल्या गोष्टींची यादी करायची.

चौथ्या दिवशी मी जे लिहिलं ते नऊ ओळींचं होतं. इंग्रजीत लिहिलं होतं, मराठीत त्याचा आशय असा: "सर, आपल्या शोधनिबंधातल्या तिसऱ्या आकृतीत पातळ थर थंड करताना आणि परत तापवताना विद्युत रोधाचे दोन वेगळे वक्र येतात. थर जसा पातळ होतो तशी त्या दोन वक्रांमधली फट रुंदावते. हे खालच्या स्फटिकामुळे थरावर येणाऱ्या ताणामुळे होतं की थर बनवताना ऑक्सिजन कमी पडल्यामुळे, हे वेगळं करण्यासाठी थर ऑक्सिजनमध्ये पुन्हा तापवून पाहिला होता का? मी एम.एस्सी.त मँगनाइटच्या गोळ्या बनवून त्यांचं क्ष-किरण विवर्तन मोजलं आहे. मला सीएसआयआरची जेआरएफ मिळाली आहे. आपल्याकडे यंदा जागा आहे का?" खाली नाव. सोबत दोन पानांचा बायोडाटा आणि माझ्या गोळीचा एक आलेख.

अशा फक्त अकरा ईमेल मी पाठवल्या, प्रत्येकीसाठी तीन-चार दिवस वाचन करून. सहा उत्तरं आली. त्यातली एक आजची माझी प्रयोगशाळा. मुलाखतीत मला तोच आलेख दाखवून विचारलं की त्यातली शिखरं एवढी रुंद का आहेत. मी म्हटलं, कण बारीक असल्यामुळे, थोडी आतल्या ताणामुळे, आणि यंत्राची स्वतःची रुंदी मी वजा केलेली नाही, ती करायला हवी होती. पॅनेलवरच्या बाईंनी मान डोलावली. पुढचे प्रश्न सोपे गेले असं म्हणणार नाही, पण तिथून पुढे मला घाम फुटला नाही.

पहिली फेलोशिप, तेव्हाचे ३१,००० रुपये, खात्यात आले तेव्हा मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "थांब, लिहून घेतो," आणि त्यांनी घरच्या हिशेबाच्या वहीत जमेच्या बाजूला माझं नाव लिहिलं. सुट्टीत घरी गेले तेव्हा त्यांनी ते पान मला काढून दाखवलं.

हे सगळं एवढं सविस्तर सांगण्याचं कारण एकच. ते मामा मला योगायोगाने भेटले. मैत्रिणीच्या घरी साबुदाण्याची खिचडी खायला गेले नसते तर भेटलेही नसते. इंदूरमध्ये असे मामा पुष्कळ आहेत. कॅटमधून, विद्यापीठातून, इंजिनीअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेली मराठी माणसं तुमच्या नाटकांना, गाण्यांच्या कार्यक्रमांना पहिल्या रांगांत बसलेली असतात. त्यांना कोणी सांगितलं तर ती आनंदाने वेळ देतील. पण मुलींनी अनोळखी घराची बेल वाजवायची तरी कशी? मध्ये कोणीतरी ओळख करून देणारं लागतं.

आपल्याकडे ही ओळख करून देण्याची परंपरा जुनी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म इथून जवळच महूला झाला. त्यांना सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली हे आपण सगळे जाणतो: १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. पण त्याआधी मुंबईत कॉलेजच्या शिक्षणासाठी महाराजांकडे त्यांच्याबद्दल शब्द टाकला तो कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी. गुरुजी काही संस्थानिक नव्हते, शिक्षक होते. त्यांच्याकडे द्यायला पैसे नव्हते. पैसे कुठे आहेत आणि ते कोणाला मिळायला हवेत, हे त्यांना माहीत होतं. मंडळांनी केळुसकर गुरुजींचं काम करावं, एवढंच मी मागते आहे.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची आठवण मला या संदर्भात नेहमी येते. त्यांचा जन्म १९११ चा, इंदूरचा. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये १९३३ मध्ये त्यांना केवळ स्त्री म्हणून नाकारलं गेलं. त्यांनी हट्ट सोडला नाही, अटींवर प्रवेश मिळवला, काम दाखवून दिलं, मग शिष्यवृत्त्यांच्या आधाराने केंब्रिजला गेल्या आणि वनस्पतींमधल्या सायटोक्रोम-सी या प्रथिनावर संशोधन करून १९३९ मध्ये पीएच.डी. झाल्या. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात. आपल्या गावात त्यांच्या नावाने गुणवंत मुलींसाठी एखादी छोटी प्रवासवृत्ती सुरू झाली तर मला फार आनंद होईल. प्रवासवृत्ती म्हणते, कारण मुलाखतीला भुवनेश्वर, बंगळुरू, कोलकात्याला जायचं तर तिकीट आणि दोन रात्री राहण्याचा खर्च येतो, आणि बऱ्याच घरांत "निवड होईलच असं नाही, मग कशाला" म्हणून मुलगी जातच नाही. परदेशी अर्ज करायचा तर एकट्या आयईएलटीएसची, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचीच, फी १७ हजारांच्या वर जाते. हे पैसे परत येणारे आहेत. फेलोशिप सुरू झाली की मुलं ते मंडळाला परत करतील, तसं लिहून घ्या. एकच रक्कम दरवर्षी नव्या मुलांसाठी फिरत राहील.

परदेशाचं म्हटलं तर तिथलंही थोडं सांगायला हवं, कारण "फॉरेनला शिकायचं म्हणजे घर गहाण" ही समजूत पीएच.डी.च्या बाबतीत बरीचशी चुकीची आहे. एम.एस.साठी कर्ज काढावं लागतं हे खरं. पण जर्मनीत, नेदरलँड्समध्ये, स्वीडन-डेन्मार्ककडे विज्ञानातल्या पीएच.डी.ची जागा बहुतेक वेळा नोकरीसारखी जाहीर होते: पगार, करार, रजा, आरोग्यविमा. माझ्या वर्गातला एक मित्र जर्मनीत आहे. त्याचा करार पूर्णवेळच्या दोन तृतीयांश पगाराचा आहे आणि त्यात त्याचं नीट भागतं. युरोपीय संघाच्या मारी क्युरी नेटवर्कच्या जागांना एक अट असते की गेल्या तीन वर्षांत त्या देशात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. आपल्या इथून जाणाऱ्या मुलांना ही अट फायद्याचीच. अमेरिकेत बी.टेक. किंवा बी.एस्सी. नंतरही थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचे पैसे मिळतात. मात्र २०२५ मध्ये तिथल्या संशोधन निधीत कपात झाल्यावर काही विद्यापीठांनी प्रवेश कमी केले, त्यामुळे आता फक्त अमेरिकेवर विसंबू नये.

एक काळजीची गोष्ट तुमच्या कानावर घालते. कोचिंगच्या गल्ल्यांमध्ये "प्रबंध लिहून मिळेल", "घरबसल्या पीएच.डी." अशी पत्रकं मी स्वतः वाचली आहेत. परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून ऑनलाइन पीएच.डी. विकणाऱ्या कंपन्यांबद्दल यूजीसी आणि एआयसीटीईने (तंत्रशिक्षण परिषदेने) ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की या पदव्यांना मान्यता नाही. तरी आपल्यातली काही घरं यात लाख-लाख रुपये घालवून बसली आहेत आणि लाजेने बोलत नाहीत. खऱ्या फेलोशिपच्या जागेसाठी परीक्षेच्या किंवा अर्जाच्या ठरलेल्या फीपलीकडे कोणी पैसे मागत नाही. हे एक वाक्य तुमच्या सूचना फलकावर वर्षभर लावलंत तरी एखादं घर वाचेल.

वेळेचंही गणित असतं. गेटची नोंदणी ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते आणि परीक्षा फेब्रुवारीत. टीआयएफआरची (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) प्रवेश परीक्षा साधारण डिसेंबरमध्ये, त्यानंतर जेस्ट, म्हणजे अनेक संशोधन संस्थांची सामाईक परीक्षा. अमेरिकेचे बरेच अर्ज डिसेंबरमध्ये बंद होतात. नेटच्या तारखा तर हलत्या: २०२४ ची जूनची परीक्षा ऐन वेळी पुढे ढकलून जुलैच्या शेवटी झाली आणि डिसेंबरची झाली २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. आमच्या विद्यापीठात पहिली आलेली एक मुलगी मला गेल्या वर्षी भेटली. विद्यापीठात पहिलं येणाऱ्यांना केंद्र सरकारची इन्स्पायर फेलोशिप मिळू शकते. तिला हे कळलं तेव्हा तिने सत्तावीस पूर्ण केली होती, आणि सत्तावीस ही त्या योजनेची वयाची मर्यादा. सुवर्णपदक तिच्या कपाटात आहे. ती रडली नाही, मला म्हणाली, "ताई, माझ्या बहिणीला तरी सांग."

तुमच्या हातात काय आहे ते आता सांगते. वधू-वर मेळावा तुम्ही किती चोख करता ते मी पाहिलं आहे. अर्ज छापून घेता, फोटो तपासता, जाडजूड पुस्तिका काढता, दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसवता, आणि पुढे काय झालं याची फोन करून चौकशीही करता. या कामाला लागणारी माणसं, सवय आणि विश्वास तुमच्याकडे आहे. अशीच एक छोटी पुस्तिका संशोधकांची करा: इंदूरच्या मराठी घरांतली कोण मुलं-मुली कुठल्या विषयात, कुठल्या गावी किंवा देशात संशोधन करतात, आणि त्यातल्या कोणाची नवीन मुलांच्या प्रश्नांना उत्तर द्यायची तयारी आहे. परवानगी घेऊन, फक्त मंडळाच्या कार्यालयात ठेवायची. मुलगी येईल, विषय सांगेल, तुम्ही दोन नावं काढून द्याल. गाइडबद्दल खरी माहिती अशाच माणसांकडून मिळते: त्यांच्याकडची मुलं किती वर्षांत बाहेर पडतात, मध्येच सोडून किती गेली, फेलोशिपचे पैसे वेळेवर येतात का. हे कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

आणि वर्षातून एक दिवस सभागृह द्या. गणपतीच्या आधीचा रविवार धरला तर गेटच्या नोंदणीला, नेटच्या तयारीला, परदेशी अर्जांना, सगळ्यालाच वेळ मिळतो. सकाळी आई-वडिलांसाठी एक तास, कारण निर्णय घरात होतो. दुपारी मुलांना बायोडाटा आणि ईमेल घेऊन बोलवा, निवृत्त मंडळी लाल पेन घेऊन बसतील. संध्याकाळी दोन-तीन मुलांच्या सराव मुलाखती, इतरांसमोर. आणि सत्काराच्या यादीत बारावीनंतर एक ओळ वाढवा: यंदा ज्यांना संशोधनाची फेलोशिप मिळाली ते. व्यासपीठावर त्यांनी किती मार्क मिळवले ते वाचू नका. त्यांना जागा कशी मिळाली ते दोन मिनिटं त्यांनाच बोलू द्या. खाली बसलेल्या दहावीतल्या मुलीला ते ऐकू जाईल, आणि तिच्या शेजारी बसलेल्या तिच्या बाबांनाही.

मी जुलैच्या शेवटी पंधरा दिवस घरी आहे. या पत्राची छापील प्रत घेऊन मी तुमच्या प्रत्येक कार्यालयात स्वतः येणार आहे. माझ्या बॅचची आणखी तीन-चार जणं मदतीला तयार आहेत, आणि ज्या मामांनी माझी ईमेल खोडली त्यांनीही होकार दिला आहे. सभागृहाची तारीख तेवढी नक्की करून ठेवा.

आपली,
रामबागेतली एक संशोधक विद्यार्थिनी
इंदूर